गाठ नसलेली तार

आमच्या अबोल्याचा तो पाचवा दिवस होता. लग्नाला तीस वर्षं झाली की अबोला कसा चालवायचा हे दोघांनाही छान जमतं. चहा वेळेवर, कपडे घडी करून जागेवर, डब्यात आवडीची भाजी. फक्त शब्द नाही. अगदीच अडलं तर मधे मुलगी. बाबांना सांग गॅस संपलाय, आईला सांग ऐकलं. शेवटी तिने हात जोडले. म्हणाली, मी सुतारकाम शिकलेय, टपाल वाटायला नाही.

भांडण तिच्यावरूनच होतं. तिला घरात खुंटी म्हणतात, कारण लहानपणी ती एकदा एका जागी बसली की कुणाला हलवता यायची नाही. सहा वर्षं ती ह्यांच्या हाताखाली आमच्याच कारखान्यात काम करत होती, आणि आता चोविसाव्या वर्षी तिने पहिलं काम स्वतःच्या नावावर घेतलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्याची दारं आणि कपाटं. ह्यांनी नाही म्हटलं. परक्या जागेत एकटीने मशीन चालवायचं नाही, तिथलं वायरिंग कुणी केलंय देव जाणे, बोर्डाला खरंच अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक पाडलंय ते कोण बघणार. इथपर्यंत ठीक होतं, बापाची काळजी म्हणून सोडून दिलं असतं. पण मग लाकूडवाल्याच्या देखत म्हणाले, "जाऊ दे तिला. दोन दिवसांत मशीन बंद पडेल आणि येईल परत."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्या संध्याकाळी मी ह्यांना काय बोलायचं ते बोलले, आणि मग बोलणंच बंद केलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती टेम्पोत सामान भरत होती, ती धावत स्वयंपाकघरात आली. बाबांनी त्यांचा रंधा गाडीत ठेवलाय, म्हणाली. लाकूड तासून सपाट करायचं ते जुनं विजेचं मशीन, अख्खं धातूचं. हल्लीच्या मशीनना प्लास्टिकचं अंग असतं, ह्याला नाही. एक वेळ हे माझ्यावाचून आठवडा काढतील, पण त्या रंध्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. मी बाहेर जाऊन बघितलं तर खरंच, टेम्पोत कांबळ्यावर रंधा बसवलेला आणि त्याच्या वायरला कोरा करकरीत प्लग, मोठ्या तीन पिनांचा. आमच्या कारखान्यात तो रंधा बोर्डात थेट जोडलेला असायचा. हिच्या कामासाठी काढून, प्लग लावून दिला होता.

हे सरळ तोंडाने चुकलं म्हणणार नाहीत, हा रंधा म्हणजेच त्यांचं चुकलं, हे मला कळलं. मला बरं वाटलं. आजपासून बोलायचं, असं ठरवलंही. पण दुपारी. इतक्या लवकर नमतं घ्यायची मला सवय नाही.

ते दुपारवर टाकणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

खुंटी आठला गेली. साडेनऊला मी बादली घेऊन कारखान्यात गेले. मागच्या भिंतीला लागून अर्थिंगचा खड्डा आहे, तांब्याची पाटी पुरून, भोवती कोळसा आणि मीठ घालून ह्यांनी स्वतः केलेला. माती कोरडी पडली की अर्थिंग नीट धरत नाही, म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. ते काम माझं, अबोला असो नसो. अर्थिंगच्या बाबतीत हे फार कडक. मशीनच्या आत एखादी तार सुटली आणि मशीनच्या अंगाला लागली, तर करंट ह्या तिसऱ्या तारेने जमिनीत जातो आणि ती तार नसेल तर माणसातून जातो, हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

पाणी ओतून येताना मी टेबलाजवळ थांबले. टेबलावर वायरची सोललेली सालं पडली होती. बोटाच्या पेराएवढे तीन पोकळ तुकडे, एक लाल, एक काळा, एक हिरवा. सवयीने मी ते केरात टाकायला हातात घेतले, आणि तशीच उभी राहिले. वर भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. बोर्डाचे स्क्रू गंजलेत, म्हणून ह्यांनी वायर सोडवली नव्हती, कापून काढली होती. बोर्डातून बोटभर तारांची थोटकं लोंबत होती आणि लाल थोटकावर माझी काळ्या दोऱ्याची गाठ होती.

गाठ इथे राहिली होती आणि वायर तिकडे गेली होती.

आता ती गोष्ट सांगायला हवी. ह्यांना लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही. लग्नानंतर दोन महिन्यांत ह्यांनी बाजारातून तिसऱ्यांदा कच्चे टोमॅटो आणले आणि मी डोळे फुटलेत का म्हणून विचारलं, तेव्हा हे मुकाट्याने दार लावून आले आणि मला शेजारी बसवून सांगितलं. जन्मापासून असंच आहे, आईखेरीज कुणाला माहीत नाही, आणि आता तू. रंग जुळवता येत नाहीत अशा सुताराला पॉलिशची कामं कोण देणार, म्हणाले. माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, ह्यातला एक शब्द कुणाला सांगायचा नाही. पुढे मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, निदान तिला तरी. तर म्हणाले, तिला तर मुळीच नाही, बाप अर्धा आंधळा आहे असं तिला वाटायला नको.

मग आम्ही आमच्या युक्त्या काढल्या. पॉलिशच्या डब्यांवर मी आकडे घालते. आणि वायरीत तीन तारा असतात, करंटची लाल, परतीची काळी, अर्थिंगची हिरवी. काळी ते ओळखतात. उरलेल्या दोनांतल्या लाल तारेला मी दोऱ्याची गाठ मारून द्यायची. हे चिमटीत तारा फिरवतात, गाठ लागली की कळतं. लोकांना वाटतं, काय सवय आहे माणसाची. नव्या वायरींत अर्थिंगच्या तारेवर पिवळा पट्टा असतो, तो ह्यांना दिसतो, त्यामुळे बरीच वर्षं गाठ मारायची वेळच आली नव्हती. जुन्या साध्या रंगांची वायर एकाच मशीनची उरली होती.

हे कोपऱ्यात करवतीला धार लावत बसले होते. मी पाच दिवसांनी पहिला शब्द बोलले.

"रंध्याच्या प्लगला रंग कुणी सांगितले?"

ह्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

"कुणाला विचारणार होतो?" हे म्हणाले. "तू बोलत नव्हतीस."

लावून बघितला का, एवढंच विचारलं. आपल्याकडे एवढ्या मोठ्या पिनांचं भोक कुठाय, म्हणाले. पण ओळखल्या होत्या तारा, दोन्हींतली एक गडद होती, लाल नेहमी जरा गडद दिसते. मी मूठ उघडली. बोर्डाजवळची ती वीतभर तार वरच्या आवरणाबाहेर उघडी असायची आणि तिच्यावर वर्षानुवर्षं सरस, तेल, पॉलिश उडत आलं होतं. लाल तुकडा लालच होता. हिरवा मळून काळपट पडला होता.

ह्यांना तो फरक दिसला नाही, पण माझं तोंड दिसलं. करवत हातातून खाली पडली.

हिरवी तार आतून मशीनच्या अंगाला जोडलेली असते. तिच्यात करंट सोडला तर रंधा चालणार नाही, पण त्याचं सगळं अंगच करंटचं होईल. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. काम करताना फोन पिशवीत ठेवायचा, हा ह्यांचाच नियम, आणि पोरगी नियमाची पक्की. त्या घराच्या मालकिणीचा नंबर फक्त तिच्याच फोनमध्ये. अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी ह्यांनी स्कूटर सुरू केली आणि मी पायातल्या घरच्या चपलांनिशी मागे बसले.

तिकडे जायला पाऊण तास लागतो. सिग्नलला दिवा वरचा की खालचा ह्यावरून हे ओळखतात, पण ऊन समोर असलं की कुठला पेटलाय तेच दिसत नाही. तेव्हा मी मागून पाठीवर थाप मारते. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या दिवशी ऊन समोरच होतं. पहिल्या सिग्नलला लाल दिवा होता. मी दोन थापा मारल्या. दुसऱ्यालाही लाल होता. तिथेही दोनच मारल्या. दोन्हीकडून हॉर्न वाजले, कुणीतरी आईवरून शिवी दिली. ह्यांना कळलंच असणार. तीस वर्षांत मी ह्यांना रंग खोटा सांगितला तो त्याच दिवशी, आणि ह्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मी डोळे मिटले की मला तिचे हात दिसत होते. रंधा दोन हातांनी धरतात, एक मागच्या मुठीला, एक पुढच्या गोट्याला. करंट लागला की मूठ आपोआप वळते, सोडायची म्हटली तरी सुटत नाही, हेही त्याच भाषणातलं. आणि आदल्या दिवशी तिने जेवताना सांगितलं होतं की त्या घरात फरशीला पॉलिश चाललंय, सगळीकडे पाणी, मालकीण चपला दाराबाहेर काढायला लावते. मी तेव्हा हसले होते. आता ते अनवाणी ओले पाय काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

मनातल्या मनात मी कुणाकुणाशी सौदे केले. माझा हात घ्या. माझे दोन्ही डोळे घ्या. ह्यांना घ्या, असंही मनात आलं, आणि ते आलं म्हणून मी ह्यांची पाठ आणखी घट्ट धरली.

पुलावर काम चाललं होतं. गाड्या इंचभर हलत नव्हत्या. ह्यांनी स्कूटर कठड्याला लावली, किल्लीही काढली नाही, आणि पळत सुटले. साठीला आलेला माणूस. मी मागून गुडघा धरून जमेल तशी पळत होते. इमारत दिसायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी कान देऊन चालतेय. आमचा रंधा दोन गल्ल्या सोडून ऐकू येतो, शेजारी त्यावरून कितीदा भांडलेत. नीट लागला असेल तर इथवर आवाज यायला हवा होता. दहा वाजून गेले होते. एवढ्या वेळात तिने दाराच्या फळ्या तासायला घेतल्याच असत्या.

आवाज नव्हता. आमचा टेम्पो इमारतीखाली उभा होता, मागचं दार उघडं.

हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. मला वाटलं दम लागला. पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. "आवाज नाही येत," म्हणाले. "तू जा वर. मला नाही बघवणार."

मी ह्यांना कॉलरला धरून उठवलं. तुमची पोरगी आहे, उठा, म्हटलं. असं मी कधी कुणाशी बोलले नव्हते. लिफ्ट अजून बसवलेली नव्हती. तिन्ही मजले आम्ही एकमेकांना ओढत चढलो, आणि कोण कुणाला ओढत होतं ते सांगता येणार नाही.

दाराबाहेर तिच्या चपला होत्या.

आत ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून खुंटी बसली होती. मांडीवर उघडलेला प्लग आणि उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. तिने मान वर केली. मी तिच्याजवळ गेले ते गुडघ्यांवर पडूनच गेले. तिचं डोकं, खांदे, हात, बोटं एकेक चाचपून बघितली. डाव्या तळव्यावर लाल चट्टा होता, ओठ पांढरे पडले होते, पण अंग गरम होतं आणि ती श्वास घेत होती. मी हमसून हमसून रडले. ती नाही रडली.

तिने तुटक तुटक सांगितलं. रंधा डाव्या हाताने उचलला आणि बोर्डाचं बटण दाबलं. कुणीतरी हात खांद्यातून उपटतंय असं झालं, आणि त्याच क्षणी अख्ख्या घराची वीज गेली. मालकिणीने हट्टाने दारातल्या बोर्डात तो खटका बसवून घेतला होता, करंट माणसातून जायला लागला की स्वतःहून पडणारा. तो होता म्हणून मी इथे बसलेय, म्हणाली. हे सगळं ती मला सांगत होती, पण बघत होती दाराकडे. हे उंबऱ्यातच उभे होते.

"बाबा, मशीन दोन दिवसांत बंद पडेल म्हणाला होतात."

ह्यांची नजर तिच्या मांडीवरच्या प्लगवर गेली.

"हिरवी करंटच्या पिनला, लाल अर्थिंगला. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला हे रंग पाठ करायला लावलेत." तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातून हे चुकून होतं? मला इजा करायची नव्हती तुम्हाला, ते कळतं मला. मशीन चालू नये एवढंच पाहिजे होतं ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता तरी सांगा, म्हणून बघितलं. ह्यांच्या तोंडावर मी एक एक विचार येताना पाहिला, आणि शेवटी जो आला तो मला नको होता. ह्यांनी खाली बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून.

अर्धा आंधळा बाप असण्यापेक्षा वाईट बाप असणं ह्यांना बरं वाटलं. तीस वर्षांत मला ह्या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. पोरगी भिंतीकडे तोंड फिरवून बसली, आणि मला दिसलं की ती आता उठेल, प्लग बदलेल, काम पुरं करेल, आणि आमच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. तिला मी ओळखते. एकदा बसली की हलत नाही.

शपथ न बोलण्याची होती. मी पदराच्या टोकातून दोरा उपसला, दातांनी तोडला, तिच्या मांडीवरून प्लग उचलला, तिन्ही तारा सोडवल्या आणि लाल तारेला गाठ मारली. लाल आणि हिरवी दोन्ही ह्यांच्या हातात दिल्या.

हे हात मागे घेत होते. मी घेऊ दिले नाहीत.

शेवटी ह्यांनी तारा चिमटीत धरल्या. नजर खिडकीबाहेर, आणि अंगठा तारांवर हळूहळू फिरतोय. असं करताना खुंटीने लहानपणी ह्यांना हजार वेळा बघितलं होतं. अंगठा गाठीवर आला आणि थांबला.

"ही लाल," हे म्हणाले.

पोरगी बघत राहिली. मग उठली, ती गाठ सोडवली, माझ्या पदराने दोन्ही तारा स्वच्छ पुसल्या, पाठीमागे हात नेऊन फिरवल्या आणि पुन्हा बापासमोर धरल्या.

ह्यांनी तारा डोळ्यांजवळ नेल्या. उजेडाकडे धरल्या. पुन्हा चिमटीत घेऊन फिरवल्या, वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा वर. खूप वेळ. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"नाही गं सांगता येत," हे म्हणाले. "मला दोन्ही सारख्याच."

मग तिथेच उंबऱ्यात बसले आणि ओंजळीत तोंड घातलं. ह्यांच्या आईच्या वेळीही मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

खुंटी त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. खाली पडलेला दोरा उचलून गाठ मारायला गेली, पण डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे चल, हे सगळं मग. ती म्हणाली हो, पण हे झाल्यावर. तिने प्लग आणि स्क्रू ड्रायव्हर बापाच्या हातात दिला.

"लावा बाबा. मी सांगते."

हे डोळे पुसत एकेक स्क्रू पिळू लागले, आणि ती शेजारी बसून, भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवून, रंग मोठ्याने सांगू लागली. ही काळी. ही लाल, हिला गाठ आहे. ही हिरवी, मोठ्या पिनला. मी त्यांच्या मागे उभी होते. तीस वर्षं हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी पाच दिवस गप्प बसले होते.